वरवट बकालातली निळी-गुलाबी वाटणी

मी पुण्यात बावीस वर्षं स्पॅनिश शिकवते. या बावीस वर्षांत स्पॅनिशपायी मी स्पेनला दोनदा गेले आणि बुलढाणा जिल्ह्यात एकदा. स्पेनबद्दल लोक आवर्जून विचारतात, बुलढाण्याबद्दल कोणी विचारत नाही. म्हणून न विचारताच लिहिते आहे.

कांचन ही माझी ऑनलाइन वर्गातली विद्यार्थिनी. संग्रामपूर तालुक्यातल्या वरवट बकालच्या एका शेतकरी घराची धाकटी सून, वय सव्वीस, डोकं तल्लख. क्रियापदांची अवघड रूपं ती घडाघडा म्हणायची. अडायचं एकाच ठिकाणी. स्पॅनिशमध्ये नाम सहसा एकटं फिरत नाही, त्याच्यापुढे एक चिमुकला शब्द चालतो. पुल्लिंगी नामापुढे 'एल' किंवा 'उन', स्त्रीलिंगी नामापुढे 'ला' किंवा 'उना'. कांचन हे चारही शब्द खाऊन टाकायची, कारण मराठीत त्यांच्यावाचून आपलं काही अडत नाही. सहा महिने मी समजत होते की वरवटचं नेटवर्कच ते शब्द गिळतंय. मग एकदा तिनं आपला आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवला आणि नेटवर्क निर्दोष सुटलं.

एका कंपनीत घरबसल्या काम होतं, स्पॅनिश बोलणाऱ्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकून घेण्याचं. पहिल्या मुलाखतीत 'तुमच्या घरातल्या वस्तूंबद्दल सांगा' म्हटल्यावर कांचन याच चार शब्दांवर आपटली. दुसरी संधी शनिवारी सकाळी अकराला होती आणि तिसरी मिळणार नव्हती. सासूबाईंनीही बजावलं होतं, "या खेपेले झालं तं झालं, नाही तं पुस्तकं बांधून ठेव अन् वावरात चाल." हे सांगताना कांचन रडली नाही. "मॅडम, मले हे काम पायजेच," एवढंच म्हणाली. मी त्याच दुपारी तिकीट काढलं.

रविवार : शेगाव

शेगावला उतरल्यावर स्टेशनबाहेर तीन लॉजवाल्यांनी आणि दोन रिक्षावाल्यांनी मला "दर्शनाले आल्या का?" असं विचारलं. "नाही, स्पॅनिश शिकवायला," असं मी खरं सांगितलं. त्यावर एक रिक्षावाला म्हणाला, "बरं मंग, पयले दर्शन करून घ्या." मला सल्ला पटला, पण भूक आधी लागली होती. कचोरी गरम होती, सोबत तळलेली मिरची होती. पुणेरी हिशेबानं एक पुरे म्हणून सुरुवात केली आणि चार खाल्ल्या. मिरची मात्र अर्धीच खाल्ली, आणि तेवढ्यावर मला न्यायला आलेल्या गोपाळसमोर, म्हणजे कांचनच्या नवऱ्यासमोर, मी डोळे पुसत उभी राहिले. त्याला वाटलं, माझं कोणीतरी गेलं. तो बिचारा अर्धा रस्ता काही बोललाच नाही.

पूर्णेचा पूल ओलांडला की जमीन सपाट आणि काळीभोर होते. उत्तरेला सातपुडा दिसतो. कापसाची शेवटची वेचणी चालली होती, तुरी खळ्यावर आल्या होत्या. विहिरींना पाणी होतं, पण खारं. या पट्ट्यात पिण्याचं पाणी नळाला चार-पाच दिवसांनी येतं, आणि ते भरून ठेवलेल्या रांजणाला घरात देव्हाऱ्याच्या खालोखाल मान असतो. आमच्याकडे पाणी दुपारी दोन तास गेलं तर आम्ही नगरसेवकाला फोन करतो. इथं त्याचा कोणी उच्चारही करत नव्हतं.

सोमवार : ओळखीपाळखी

घरात माणसं पाच. सासूबाई गोदामाय, थोरला मुलगा रामदास, त्याची बायको शोभा, धाकटा गोपाळ आणि कांचन. कांचनच्या वर्गाच्या वेळी चूल शोभाकडे असायची, त्यामुळे स्पॅनिश भाषेबद्दल शोभाचं मत प्रतिकूल होतं. ते ती भांडी ठेवण्याच्या आवाजातून मांडत असे.

सकाळी ओसरीवर आम्ही 'उना' आणि 'ला' यांतला फरक घेतला. एखादी गोष्ट बोलण्यात पहिल्यांदा आली की 'उना', ओळख झाली की 'ला'. उदाहरण शोधावं लागलं नाही. कुंपणापलीकडून शेजारीण ओरडून विचारत होती, "गोदामाय, तुमच्याकडे कोनी एक बाई आली म्हंतात?" "ते पाय," मी कांचनला म्हटलं, "आज मी 'उना' आहे. परवापर्यंत 'ला' होते की नाही बघ." (माझ्या 'पहा'चं एका दिवसात 'पाय' झालं होतं. पुण्यात कोणाला सांगू नये.)

दुपारी वांग्याची भाजी आणि रोडगे होते. गव्हाचे हे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात आणि मग फोडून तुपात बुडवतात. तीन रोडग्यांनंतर मी शिकवायला बसले आणि बसल्या बसल्या झोपले. कांचननं मला उठवलं नाही, त्या वेळात तिनं 'एल' आणि 'ला' पाठ केले. संध्याकाळी विचारले, तर तिनं सगळे उलटे सांगितले.

मंगळवार : चिठ्ठ्या

माझी एक हमखास पद्धत आहे. घरातल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटवायची, 'एल'वाल्याला निळी, 'ला'वालीला गुलाबी. येता-जाता डोळ्यांना सवय होते. पुण्यात या पद्धतीनं शेकडो मुलं पार पडली आहेत.

बाजारातल्या रशीदभाईंच्या दुकानात मी रंगीत कागद मागितले.

"दोन रंगाचे?" रशीदभाईंनी विचारलं. "काऊन, दोन?"

"घरातल्या वस्तूंना लावायचेत. काही निळ्या, काही गुलाबी."

रशीदभाईंनी कागद मोजता मोजता हात थांबवला. "कोनाचं घर म्हनले? गोदामायचं?" आणि सुस्कारा टाकून म्हणाले, "अल्ला खैर करे. लय चांगलं घर होतं ते."

हे 'होतं' माझ्या कानाला खटकलं. पण वऱ्हाडीत भूतकाळ असाच वापरत असतील, असं ठरवून मी डिंकाची बाटली घेतली आणि निघाले.

दुपारभर मी आणि कांचन चिकटवत सुटलो. पंखा निळा, खुर्ची गुलाबी. आरसा निळा, टेबल गुलाबी. फ्रिज गुलाबी, कपाट निळं. कुलूप निळं आणि त्याची किल्ली गुलाबी. गाय गुलाबी, बैल निळे. रामदासच्या ट्रॅक्टरला निळी, गोपाळच्या मोटारसायकलला गुलाबी. शोभाचं शिवणयंत्र कोपऱ्यात होतं, त्याला गुलाबी. पाण्याशी आल्यावर जरा थांबले. स्पॅनिशमध्ये पाणी आहे स्त्रीलिंगी, पण त्याच्यापुढे एकवचनात 'एल' लावतात, उच्चाराच्या सोयीसाठी. मी रांजणाला शेजारी शेजारी दोन्ही चिठ्ठ्या लावल्या.

गोदामाय तूर पाखडत हे सगळं बघत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "म्याडम, पान्याले दोन्ही?"

"हो," मी म्हटलं. "पाणी दोघांचं."

"हे बरं केलं वो बाई," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. बावीस वर्षांत या अपवादावर इतक्या मनापासून दाद मला कोणी दिली नव्हती. मी फार खूश झाले.

बुधवार, गुरुवार : पाहुणचार

वऱ्हाडी पाहुणचाराबद्दल ऐकलं होतं, पण बुधवारपासून जे सुरू झालं त्यानं मी अवाक झाले. मला चहा दोनदा येऊ लागला. एकदा शोभाकडून, आणि पाच मिनिटांनी गोपाळकडून. रामदासनं मला शेतातला गूळ दिला, तर गोपाळ कुठूनतरी सीताफळाची रबडी घेऊन आला. दोघं भाऊ माझ्याशी अदबीनं बोलत आणि एकमेकांशी अजिबात बोलत नसत. पुण्यात सख्खे भाऊ असेच असतात, म्हणून मला त्यात वावगं वाटलं नाही.

वावगी वाटली ती एक वेगळीच गोष्ट. शिवणयंत्रावरची गुलाबी चिठ्ठी बुधवारी दुपारी गायब झाली आणि तिच्या जागी निळी आली. मी कांचनला बोलावलं.

"कांचन, ला माकिना! स्त्रीलिंगी! अजून चुकतेस?"

"मॅडम, म्या नाही लावली."

मी गुलाबी लावली. संध्याकाळी पुन्हा निळी. मी पुन्हा गुलाबी लावली, या वेळी दुप्पट डिंक घालून. गुरुवारी सकाळी निळी, आणि ती सुईदोऱ्यानं चक्क टाके घालून शिवणयंत्राच्या कापडी झाकणावर बसवलेली. आता मात्र माझा पारा चढला. नियम म्हणजे नियम. मी टाके उसवले, गुलाबी चिठ्ठी डकवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "हे यंत्र गुलाबीतच राहणार. यात बदल होणार नाही." स्वयंपाकघरात एक ताट पडल्याचा आवाज झाला.

कांचनची प्रगती मात्र शून्य. घरातली सगळी कामं अचानक तिच्या अंगावर पडली होती, जाऊबाई बोलत नव्हत्या, नवरा जेवत नव्हता. "सगळे माह्या परीक्षेच्या टेन्शनमध्ये असतीन," ती म्हणाली. गुरुवारी संध्याकाळी वीस वस्तूंपैकी तिच्या अकरा चुकल्या. मला पहिल्यांदा भीती वाटली. या पोरीचं सगळं शनिवारवर अवलंबून होतं आणि मी इथं येऊन फक्त कागद चिकटवले होते.

शुक्रवार : मामा

शुक्रवारी सकाळी दारात जीप थांबली. आतून गोदामायचे भाऊ उतरले. मेहकर तालुक्यातल्या डोणगावला त्यांचा धान्याचा व्यापार. पांढरं धोतर, भरघोस मिशा. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाहून भल्या पहाटे निघून आले होते. त्यांच्यासोबत दोन वयस्कर माणसं आणि जमीन मोजायची लांब टेप होती. अंगणात सतरंजी अंथरली गेली. मामांनी मला नमस्कार केला.

"वकीलबाई," ते म्हणाले, "तुम्ही मोठ्या शिकलेल्या. पन आमच्याकडं मामा बसल्याबिगर वाटणी होत नसती."

"कसली वाटणी? आणि मी वकील नाही."

"मंग चिठ्ठ्या कशाच्या लावल्या? निळं रामदासचं, गुलाबी गोपाळचं. गोपाळ दोन दिवस गाडीले गुलाबी चिठ्ठी लावून बाजारात फिरून राह्यला. सारा तालुका बोलून राह्यला. मले तं रशीदभाईचा फोन आला."

मी मटकन सतरंजीवर बसले. इकडे वाटणी करताना प्रत्येक भावाच्या हिश्शावर वेगळी खूण करतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ही चाल माहीत असलेल्या घरात दोन रंगांचे कागद घेऊन पुण्याची एक चष्मेवाली बाई शिरली होती. कुलूप एका भावाला आणि किल्ली दुसऱ्याला देऊन मोकळी झाली होती.

तेवढ्यात शोभा दारातून बाहेर आली. "माह्या मायनं देल्ली मशीन हाये ते! बापानं सायकलवर बांधून आनली होती. तीन डाव मी निळी लावली, तीन डाव या बाईनं गुलाबी लावली. वरून डिंक!"

रामदास खाली मान घालून बसला होता. तो गोपाळला म्हणाला, "तुले वेगळं राह्याचं होतं तं मले सांगाचं होतं. बाहेरची बाई काऊन आनली?"

"मले?" गोपाळ उठून उभाच राहिला. "मले वाटलं तुलेच पायजे वाटणी! टॅक्टरवर चिठी पाहून माह्या पोटात दोन दिस अन्न नाही गेलं."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग रामदासनं गमछ्यानं तोंड पुसलं, खूप वेळ पुसलं. मीही डोळे पुसले, आणि या वेळी मिरची खाल्लेली नव्हती.

मी शपथेवर सगळं समजावून सांगितलं. आपण 'तो पंखा, ती खुर्ची' म्हणतो, तसे तिकडेही तो आणि ती असतात, पण ते आपल्या 'तो' आणि 'ती'शी जुळतीलच असं नाही. मामांनी मिशीवरून हात फिरवला.

"आन आपलं 'ते'? ते घर, ते शेत?"

"तिकडे 'ते' नामांना उरलं नाही. पूर्वी होतं, मग 'तो' आणि 'ती' यांच्यात गेलं."

"म्हंजे तिकडं वाटणी झालेलीच हाये!" मामा म्हणाले, आणि पहिल्यांदा सगळे हसले.

तरी खात्री करून घ्यायला त्यांनी मला परीक्षा घ्यायला लावली. मी सहज विचारलं, "बरं, फ्रिज?" कांचन तोंड उघडण्याआधी शोभा म्हणाली, "गुलाबी." आरसा? "निळा." घड्याळ? "निळं." दार? "गुलाबी. खिडकीबी गुलाबी. दाराखिडक्या साऱ्या तिकडं, आमाले नुस्त्या भिंती." भिंतीही गुलाबीच होत्या, हे मी त्या क्षणी सांगितलं नाही. पन्नास वस्तू विचारल्या, शोभाची एकही चुकली नाही. तीन दिवस रात्रंदिवस तिनं तेच मनात घोळवलं होतं. माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी स्वयंपाकघरात भांडी आदळत होती आणि मला पत्ता नव्हता.

शोभानं कांचनकडे पाहिलं. जरा ओशाळली होती. "इकडे ये वं पोरी," ती म्हणाली. "पुस्तक ठेव बाजूले. जे तुह्या वाट्याले आलं ते ला. जे माह्या वाट्याले आलं ते एल. फ्रिज कोनाचा?"

"माहा," कांचन हळूच म्हणाली. "ला."

"कपाट?"

"तुमचं, ताई. एल."

जेवणाची वेळ होईपर्यंत त्या दोघींनी अख्खं घर वाटून काढलं. कांचनच्या फक्त दोन चुका झाल्या. मामांची टेप कोणी उघडलीच नाही.

शनिवार : गच्चीवर

नेटवर्क फक्त गच्चीवर, आणि मुलाखतीत घरातल्या वस्तूंबद्दल विचारणार. म्हणून सकाळी आठपासून आम्ही घर गच्चीवर नेलं. खुर्ची, टेबल, आरसा, घड्याळ आणि शेवटी दोघा भावांनी मिळून शिवणयंत्र चढवलं. रस्त्यावरून जाणारे रशीदभाई खालून हे पाहत उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की सगळं संपलं. मी वरून हात हलवला, त्यांनी मान फिरवली.

अकराला मोबाइलवर एक गोड चेहऱ्याची बाई दिसली. आम्ही सगळे पाण्याच्या टाकीमागे उकिडवे बसलो, मामासुद्धा. बाईंनी तेच विचारलं, "तुमच्याभोवती काय आहे, सांगा." कांचननं सुरुवात केली. खुर्ची, ला. टेबल, ला. आरसा, एल. घड्याळ, एल. मी टाकीमागे बोटांवर मोजत होते.

मग ती शिवणयंत्राशी आली आणि थांबली.

तिला येत होतं. मी तिचं तोंड बघत होते, शब्द ओठांवर होता. पण 'ला' म्हणायचं म्हणजे जाऊबाईंच्या आईनं दिलेली वस्तू आपल्या वाट्याला ओढायची. ती शोभाकडे बघत राहिली. पाच सेकंद गेले, दहा गेले. मोबाइलमधल्या बाईंनी भुवई उंचावली. मला वाटलं, गेलं. माझ्या चिठ्ठ्यांनी या पोरीची नोकरी घालवली.

"घे वं," टाकीमागून शोभा म्हणाली. आधी हळू, मग मोठ्यानं. "घे! म्या देली म्हंते ना, घे!"

"तिकडे कोण आहे?" बाईंनी स्पॅनिशमध्ये विचारलं.

कांचन हसली. मुलाखतीत पहिल्यांदाच हसली. "ला दुएन्या दे ला माकिना," ती म्हणाली. या यंत्राची मालकीण. दोन वेळा 'ला', दोन्ही जागच्या जागी. बाईंनाही हसू आलं, आणि त्यांनी मालकिणीला पुढे बोलावलं. शोभा पदर सावरत आली आणि 'ओला', म्हणजे नमस्कार, म्हणाली. एवढा एक शब्द मी तिला सकाळी शिकवला होता.

संध्याकाळी मेल आली. पुढच्या महिन्यापासून कामावर. गोपाळनं पेढे आणले आणि पहिला पेढा रशीदभाईंना नेऊन दिला.

रविवार : निघताना

बॅग भरून झाली. शोभा ओल्या फडक्यानं चिठ्ठ्या सोडवत होती. कुंपणापलीकडची शेजारीण विचारत होती, "आपल्या म्याडम चालल्या का वो?" म्हणजे मी 'ला' झाले होते. मला फार बरं वाटलं.

गोदामाय माझ्याजवळ येऊन बसली. हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्याडम, एक विचारू? खाटेले चिठी लावली. गाईले लावली. चपलेच्या मांडनीले लावली. मले काऊन नाही लावली?"

मी हातातली बॅग खाली ठेवली.

"मी चार दिस पाहून राह्यली होती," ती म्हणाली, "का मी कोनाकडं जातो. निळी हाये का गुलाबी. मंग म्हनलं, राह्यली असंन. कोनाच्याच वाट्याले आली नसंन."

ती हे हसत म्हणाली, पण हसू अर्धंच होतं.  शोभा रांजणाशी होती. त्याच्यावरच्या दोन्ही चिठ्ठ्या नुकत्याच निघाल्या होत्या. ती उठली, सासूच्या पदरावर आधी निळी लावली, शेजारी गुलाबी लावली, आणि वरून तळहातानं दाबल्या.

"पान्याच्याच हायेत," ती म्हणाली.

गोदामायनं मान वाकडी करून पदराकडे पाहिलं. "ओल्या हायेत वो," ती कुरकुरली. "वाळवून तरी लावाच्या."

दारातून गाडी वळली तेव्हा मी मागे पाहिलं. गोदामाय अंगणात सूप घेऊन तूर पाखडत होती, आणि दोन्ही चिठ्ठ्या तिनं काढलेल्या नव्हत्या.